मताला मुदत तीन दिवस: इंग्लंडमधल्या जुन्या पबात पहिल्यांदा जाताना

डर्बीत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. घरापासून सात मिनिटांवर एक पब. विटांचा, कोपऱ्यावरचा, बाहेर फुलांच्या टोपल्या टांगलेला. जायच्या आधी लोकांची मतं वाचली, आपण हॉटेलची वाचतो तशी. एकाने लिहिलं होतं, इतकी छान राखलेली बिअर अख्ख्या शहरात नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, गरम आणि पाणचट, पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तिसऱ्याची तक्रार एवढीच की आठनंतर जेवण मिळत नाही. मी गेले, एक पाइंट प्यायले, घरी आले आणि दुसऱ्याच्या पारड्यात माझं मत टाकलं: एक तारा, 'बिअर गरम'. ती बिअर बारा अंशांवर असणार, म्हणजे असायला हवी तेवढीच, हे मला कळायला आठ महिने गेले. मग ते मत गुपचूप काढून टाकलं.

पुणे-मुंबई-नाशिकहून नव्याने इकडे आलेल्यांसाठी हे लिहितेय. पीत नसाल तरी वाचा. पब हा इथला पार आहे, आणि लाइम-सोडा घेऊन बसणाऱ्याला कोणी छेडत नाही. आपल्याकडच्या पंगतीत जिलबीचा जेवढा आग्रह होतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही इथे होत नाही.

आधी कळू द्या, लोक बोलतायत कशाबद्दल

आपल्याकडे बिअर म्हणजे बाटली नाहीतर पिचर. बर्फासारखी गार, फसफसणारी. ती लागर. जुन्या पबात लोक ज्याच्यावर भांडतात ती रिअल एल, म्हणजे पिंपातली जिवंत बिअर. ब्रुअरीतून निघताना तिच्यात यीस्ट जिवंत असतं आणि आंबण्याचं उरलेलं काम पबच्या तळघरात, त्याच पिंपात पुरं होतं. पिंप आडवं ठेवतात. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकून जादा वायू जाऊ देतात, मग घट्ट लाकडाची खुंटी बसवतात. गाळ खाली बसायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. मग पुढच्या तोंडाला हातोड्याने तोटी ठोकायची. वर काउंटरवर जो लांब दांडा दिसतो तो चक्क हापसा. गावात बोअरवर मारतो तसाच. बारमागची बाई तो दोन-तीनदा ओढते आणि तळघरातली बिअर ग्लासात येते.

पिंपातून जेवढी बिअर निघते तेवढी हवा तिच्या जागी आत शिरते. घड्याळ तिथून सुरू. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मस्त, तिसऱ्या दिवशी चालून जाते, नंतर ती शिर्क्याच्या वाटेला लागते. इडलीच्या पिठाचं होतं तेच, फक्त चौथ्या दिवशी हिचे उत्तपे घालता येत नाहीत.

तेव्हा अमुक पबातली बिअर वाईट होती, या मताला मुदत तीन दिवसांची. मार्चमध्ये कोणी नावं ठेवलेलं पिंप केव्हाच रिकामं होऊन ब्रुअरीत परत गेलेलं असतं. मतं वाचताना पहिली नजर ताऱ्यांवर टाकू नका. तारीख बघा, वार बघा, बिअरचं नाव आहे का बघा. नाव नसेल तर पुढे सरका. वर्षभराच्या अंतराने, वेगवेगळ्या बिअरबद्दल, वेगवेगळ्या माणसांनी 'वेल केप्ट', म्हणजे छान राखलेली, म्हटलं असेल, तर मात्र थांबा. तळघर सांभाळणारं माणूस जाणतं आहे, एवढं त्यावरून कळतं, आणि तुम्हाला तेवढंच कळायला हवं असतं.

हापसे मोजा

'बारा बारा एल!' असं कोणी कौतुकाने लिहिलं की नवखा माणूस हुरळतो. मी आता हिशेब करते. पबात येणारं नेहमीचं छोटं पिंप, फर्किन, नऊ गॅलनचं. म्हणजे ७२ पाइंट, आणि एक पाइंट ५६८ मिलिलिटर. तळाचा गाळ सोडला तर सत्तरेक पाइंट हाती लागतात. ते तीन दिवसांत संपवायचे तर एका हापशावर रोज तेवीस-चोवीस पाइंट खपायला हवेत. बारा हापसे असतील तर रोज पावणेतीनशेच्या पुढे. शुक्रवारी-शनिवारी खपतीलही. फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी?

शहराच्या मध्यात, स्टेशनजवळ, गर्दीच्या पबाला हे जमतं. डर्बी स्टेशनपासून पाच मिनिटांवर ब्रन्सविक इन आहे, १८४० च्या दशकात रेल्वे कामगारांच्या घरांच्या रांगेबरोबरच बांधलेली, टोकाला निमुळती होत गेलेली इमारत. तिथे हापशांची मोठी रांग आहे आणि रांगेला पुरेशी माणसंही. पण गल्लीतल्या छोट्या पबात दोन-तीनच हापसे असतील तर ते कमी समजू नका. मालकाला आपली गिऱ्हाइकं किती पितात ते ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ.

सोमवारी-मंगळवारी नाक मुरडलेली मतं थोडी सोडून द्या. शनिवारी उघडलेल्या पिंपाचा तो शेवट असू शकतो. दुपारी दार उघडल्या उघडल्या मिळालेल्या पहिल्या पाइंटबद्दलचंही तसंच. रात्रभर नळीत पडून राहिलेली बिअर आधी ओढून टाकायची असते, आणि सगळेच काही ती टाकत नाहीत.

मतांमधले शब्द

'गरम'. कास्क मार्क नावाची संस्था पबांत जाऊन बिअर तपासते आणि पास झालेल्या पबाला दाराशी लावायला पाटी देते. तिच्या हिशेबात एल १० ते १४ अंशांमध्ये हवी. त्याहून गार झाली की जिभेला चवच लागत नाही. माठातल्या पाण्याची गोडी ज्याला फ्रिजच्या पाण्यात सापडत नाही, त्याला हे सांगावं लागू नये. मला सांगावं लागलं. मात्र जुलैच्या उकाड्यात तिघा-चौघांनी 'गरम' लिहिलं असेल तर खरंच तळघराचं यंत्र बिघडलेलं असू शकतं.

'फ्लॅट'. बाहेरून गॅस भरलेला नसल्याने बुडबुडे कमीच असणार. फेसाचं भांडण निराळं, आणि ते प्रांताचं आहे. उत्तरेत, यॉर्कशर-लँकेशरकडे, हापशाच्या तोटीला बारीक भोकांची एक टोपी लावतात, स्पार्कलर. तिच्यातून बिअर दाबून निघते आणि सायीसारखा घट्ट फेस येतो. दक्षिणेत ती लावत नाहीत. लंडनचा माणूस उत्तरेत जाऊन 'अर्धा ग्लास फेस' म्हणून तक्रार करतो, यॉर्कशरचा लंडनमध्ये येऊन 'मेलेली बिअर' म्हणतो. आमटी गोडी की तिखट, या वादासारखाच हा वाद. दोघांच्याही ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तुम्हाला ती टोपी नको असेल तर 'विदाउट द स्पार्कलर, प्लीज' म्हणा. काढून देतात.

'ढगाळ'. शाकाहारी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या. बिअर नितळ व्हावी, यीस्ट लवकर खाली बसावं म्हणून पिंपात आयझिनग्लास घालण्याची जुनी पद्धत आहे. आयझिनग्लास म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. पालघर-सातपाटीकडे घोळ माशाच्या ज्या बोताला सोन्याचा भाव येतो, तोच अवयव. तो गाळाबरोबर तळाशी जातो, ग्लासात मासा येत नाही, पण ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. असे लोक 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' असं लिहिलेली बिअर घेतात. ती मुळातच किंचित गढूळ असते आणि हापशावरच्या पाटीवर बहुधा तसं लिहिलेलंही असतं. तेव्हा नुसतं 'ढगाळ' या शब्दावरून काही ठरत नाही. 'ढगाळ आणि आंबट' असेल तर ठरतं.

'सडक्या अंड्याचा वास'. हे वाचून मी एकदा बेत रद्द केला होता, आणि चूक केली. डर्बीहून बर्टन अपॉन ट्रेंट आगगाडीने पंधरा मिनिटांच्या आत येतं. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्याने केलेल्या बिअरला, उदाहरणार्थ मार्स्टन्स पेडिग्रीला, पहिल्या घोटाआधी गंधकाचा एक झोत येतो. जुनी गिऱ्हाइकं त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात आणि तो आला नाही तर कुरकुरतात. आपल्या नाकाला तो अनोळखी नाही. पादेलोण घातलेलं जलजीरा आठवा. मिनिटभराने वास उडून जातो. याच पाण्यावर बर्टनवाल्यांनी १८२० च्या दशकात भारतात पाठवायच्या फिकट, कडवट बिअरचा धंदा लंडनच्या हॉजसनकडून हिसकावला. इंडिया पेल एल नावातलं 'इंडिया' आलं ते या धंद्यातून. त्याच नावाच्या मोहात आपले लोक एक चूक हमखास करतात. डर्बीशरच्याच बेकवेलमधल्या थॉर्नब्रिजची 'जयपूर' नावाची बिअर दिसते, ऊर भरून येतो, आणि ती ३.८ टक्केवाली समजून दोन पाइंट घशाखाली जातात. ती ५.९ टक्के आहे. अर्धा पाइंट मागा.

'रोज त्याच तीन बिअर'. यात पबवाल्याचा दोष नसेलही. पुष्कळ पब ब्रुअरीच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मालकीचे असतात आणि चालवणाऱ्याला माल त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. पाटीवर 'फ्री हाउस' लिहिलेलं असेल तर तो मोकळा.

'प्रॉपर बूझर'. कौतुक आहे. स्वयंपाकघर नाही, संगीत नाही, असलेच तर चिप्सचे पुडे आणि डुकराच्या कातडीचे तळलेले तुकडे, बाकड्यांवर जुनी मंडळी. सासू-सासरे आणि चार वर्षांचं पोर घेऊन रविवारी जेवायला जायची ही जागा नाही.

'नॉट बॅड' म्हणजे उत्तम. पुण्यात 'बरी आहे' म्हणतात ना, तसंच.

आणि एक मत असं, की ज्याला तीन दिवसांची मुदत लागू नाही: 'आम्हाला वेगळी वागणूक मिळाली.' जुना दरवाजा करकरला की आतली पाच डोकी वळतात. ती कोणासाठीही वळतात, ते मनाला लावून घेऊ नका. पण गोरे नसलेल्या किंवा एकट्या गेलेल्या बायकांपैकी दोघीतिघींनी, वेगवेगळ्या वेळी, तेच लिहिलं असेल तर विश्वास ठेवा आणि दुसरा पब बघा. तळघर कितीही चांगलं असो.

पाचपैकी तीन म्हणजे शाबासकी

ताऱ्यांपलीकडे आणखी एक मोजपट्टी आहे, रिअल एलसाठी लढणाऱ्या कॅम्रा या संघटनेची. सत्तरच्या दशकाआधी मोठ्या ब्रुअऱ्यांनी जिवंत बिअर बंद करून यीस्ट मारलेली, गॅस भरलेली बिअर सगळीकडे माथी मारायला सुरुवात केली होती. १९७१ साली वायव्य इंग्लंडमधले चार तरुण आयर्लंडला सुटीवर गेले होते, तिथल्या एका पबात बसून त्यांनी याविरुद्ध चळवळ काढली. तीच कॅम्रा. १९७४ पासून तिचं वार्षिक 'गुड बिअर गाइड' निघतं. गिऱ्हाइकांच्या मताला तेव्हा काय धार होती बघा: पहिल्या आवृत्तीत वॉटनी या बड्या कंपनीच्या बिअरबद्दल 'प्लेगसारखी टाळा' असं छापलं होतं. ते बदलून 'काहीही करून टाळा' करावं लागलं. माझ्या मते दुसरं जास्त झोंबणारं आहे.

कॅम्राचे सभासद बिअरला शून्य ते पाच गुण देतात. शून्य म्हणजे पिण्यालायक नाही, एक वाईट, दोन साधारण, तीन चांगली, चार फार चांगली, पाच परिपूर्ण. पाच म्हणजे वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा. ताऱ्यांच्या जगात तीन मिळाले की हॉटेलवाला रडतो. इथे सगळीकडून तीन-साडेतीन मिळत राहिले तर पबचं नाव गाइडसाठी चर्चेत येतं. हे गुण फक्त बिअरचे. टॉयलेट, चिप्स, मालकाचा स्वभाव, काही धरायचं नाही.

आता आत जा

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, कोणी येणार नाही. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचा. रांग नसते, पण क्रम असतो. तुमच्या आधी कोण आलं ते बघून ठेवा आणि बाईने चुकून तुमच्याकडे पाहिलं तर 'ही वॉज बिफोर मी' म्हणा. या चार शब्दांनी जेवढी पत वाढते तेवढी महिनाभर टिप ठेवून वाढणार नाही. टिप ठेवायची पद्धत नाहीच. फार वाटलं तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, म्हणजे एक तुझ्यासाठीही, माझ्या पैशांनी. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. पंचविशीच्या आतले वाटलात की विचारतात.

हापशांवरच्या पाट्या वाचा. एखादी पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली, किंवा अजून तयार नाही. काय घ्यावं कळत नसेल तर 'कुड आय ट्राय अ बिट ऑफ दॅट?' विचारा. घोटभर चाखायला देतात, फुकट. दोनदा चाखणं ठीक. चौथ्यांदा विचारलंत तर मागची माणसं खोकायला लागतात. पहिल्या वेळेला चार टक्क्यांच्या आतली बिटर (कडवट एल), अर्धा पाइंट, आणि शक्यतो ज्या हापशावर बाकीचे पितायत तीच.

मित्रांबरोबर असाल तर आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायची चाल आहे, राउंड. पाळी आली की टॉयलेटला जाणारा माणूस इथे वर्षानुवर्षं लक्षात ठेवला जातो. चार टक्क्यांच्या पाइंटमध्ये सव्वादोन युनिटहून (दारू मोजायचं इथलं माप) थोडी जास्त दारू असते, आणि सरकारी आरोग्य सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या पुढे जाऊ नये असा आहे. म्हणजे आठवड्याला सहा. गाडी घरी ठेवा.

मत बोलून दाखवायची जागा: काउंटर

आपण लोक इथेच कच खातो. ग्लासात आंबट काहीतरी येतं, आपण चारचौघांत तोंड वाकडं न करता ते संपवतो, आणि घरी जाऊन एक तारा देतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या लेखी हे भ्याडपणाचं लक्षण. कारण त्या तासाभरात आणखी दहा जणांना तेच मिळालेलं असतं.

मला हे एका संध्याकाळी कळलं. पहिल्याच घोटाला जिभेच्या कडा आवळल्या, कच्ची कैरी चावल्यासारख्या. शेजारच्या स्टुलावरच्या म्हाताऱ्याने माझं तोंड पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'टेक इट बॅक, डक.' (डर्बीत सगळ्यांना बदक म्हणतात, मनावर घेऊ नका.) मी गेले आणि घाबरत म्हटलं, 'सॉरी, आय थिंक धिस वन्स ऑन द टर्न.' म्हणजे ही आंबायला लागलीय. बारमागच्या बाईने वाद घातला नाही. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, नाकाशी नेला, मोरीत ओतून दिला. हापशावरची पाटी उलटी फिरवली. मग दुसऱ्या हापशावर नवा ग्लास भरता भरता एवढंच म्हणाली, बरं झालं सांगितलंस.

नियम साधे आहेत. एक-दोन घोटांतच परत न्या. पाऊण ग्लास संपवून तक्रार केली तर कोणी ऐकणार नाही. शिर्क्यासारखी आंबट, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची, किंवा नितळ असायला हवी ती गढूळ, ही कारणं चालतात. आवडली नाही, कडू आहे, गार नाही, ही चालत नाहीत. फेस फार आणि बिअर कमी असेल तर ग्लास पुढे करून 'कुड यू टॉप दॅट अप?' म्हणा. मालक भांडला, किंवा 'रिअल एल अशीच असते' म्हणाला, तर घरी येऊन खुशाल लिहा. ते मत खरंच दुसऱ्यांच्या कामाचं आहे.

त्या म्हाताऱ्याने नंतर विचारलं, मूळची कुठली? नाशिकजवळची, देवळालीची, म्हटलं. तो हसायलाच लागला. डोकं फिरलेल्या माणसाला इथे 'डुलाली' म्हणतात, आणि तो शब्द आमच्या देवळालीवरून आलाय. मुदत संपलेले गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे. पूर्ण शब्द 'डुलाली टॅप'. त्यातला 'टॅप' तोटीचा नाही, आपला 'ताप' आहे. म्हाताऱ्याला देवळालीचं ठाऊक होतं, तापाचं मी सांगितलं. तेव्हापासून पबात कुठला हापसा धरावा आणि कुठला सोडावा, हे मला गुरुवारी विचारावं लागत नाही. तो दारातूनच बोटं दाखवतो, दोन म्हणजे दुसरा. ऑनलाइन मतांतलं एकही इतकं ताजं नसतं.

आता तुमचं मत लिहा

वार, वेळ, बिअरचं नाव, कुठल्या अवस्थेत होती, परत केली तर काय झालं. बाकी चिप्स आणि फुलांच्या टोपल्या नंतर. मी माझ्या त्या पहिल्या पबबद्दल गेल्या महिन्यात पुन्हा लिहिलं, ते असं: 'गुरुवार, संध्याकाळी सात. तीन हापसे चालू. पेडिग्री नितळ, गंधकाचा वास जेवढा हवा तेवढा, फेस तळापर्यंत काचेला चिकटून. साडेतीन. दुसऱ्या हापशावरची माइल्ड थोडी थकलेली, सांगितल्यावर लगेच बदलून दिली. जेवण आठपर्यंतच. बायकांच्या टॉयलेटमधला दिवा अजून गेलेलाच आहे.'